घाट मी टँकरवर चढलो : वारीच्या एका दिवसाचा इतिहास

लोकलमध्ये असाल तर दारापासून आत या, इयरफोन नीट लावा. आजचा भाग चालण्याबद्दल आहे. आणि थोडा न चालण्याबद्दलही. ते शेवटी सांगतो.

मी खरवईचा. बदलापूर पूर्वेला, एमआयडीसीच्या कुशीत आमचं गाव आहे. आता नगरपालिकेत गेलंय, पण आजी अजूनही "गावात जाऊन येते" असंच म्हणते, घरातून निघून चार गल्ल्या पलीकडे जाताना. या आजीने सात वाऱ्या केल्या, आळंदी ते पंढरपूर, पायी. २०१९ ची शेवटची. मग गुडघे बोलायला लागले. २०२० साली कोरोनामुळे माऊलींच्या पादुका मोजक्या लोकांसोबत एसटीने पंढरपूरला गेल्या. आजी टीव्हीसमोर बसून ते बघत होती. बघता बघता उठली आणि अंगणात फेऱ्या मारायला लागली. किती मारल्या विचारलं तर म्हणाली, "मोजायच्या नसतात."

तेव्हाच मी ठरवलं होतं, एकदा जायचं. योग आला २०२४ मध्ये. शिफ्टवाल्या माणसाला अठरा दिवस रजा कोण देणार? आठ मिळाली. म्हणजे आळंदी ते नीरा. बदलापूरहून लोकलने कर्जत, तिथून गाडीने पुणे, मग बसने आळंदी. पायात कोरे करकरीत बूट. आजी म्हणाली होती, "जुनी चप्पल घाल." ऐकलं नाही.

आता जरा मागे जाऊ. वारी म्हटलं की आपण म्हणतो "शेकडो वर्षांची परंपरा". खरंच आहे. ज्ञानेश्वरांच्या आधीपासून लोक पंढरपूरला जात होते. पण आज आपण जी बघतो ती वारी, म्हणजे पालखी, दिंड्या, ठरलेले मुक्काम, ठरलेल्या वेळा, हे सगळं कुणीतरी बसवलेलं आहे. ते आपोआप झालं नाही.

पालखीची सुरुवात साधारण १६८५ ची मानतात. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज. वडील गेल्यानंतर जन्मलेला हा मुलगा. त्यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीला येऊन ज्ञानोबांच्या पादुका सोबत घेतल्या आणि दोघांना एकाच पालखीतून पंढरीला नेलं. विचार करा, दोन संतांमध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर आणि प्रवास एकाच पालखीत! "ज्ञानबा-तुकाराम" हा गजर आपण एका दमात म्हणतो, त्यामागे ही जोडी आहे.

पुढे ही जोडी वेगळी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. देहूकर मंडळींत मानापानाचे वाद झाले असं सांगतात. तेव्हा हैबतबाबा आरफळकर पुढे आले. हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी नोकरीला होते. गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी पकडलं, कोंडून ठेवलं, हे हरिपाठ म्हणत बसले आणि सुटले, अशी कथा आहे. सुटल्यावर घरी न जाता आळंदीला आले आणि तिथेच राहिले. त्यांनी माऊलींची स्वतंत्र पालखी सुरू केली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू असा सरंजाम दिला. आजही माऊलींचा घोडा बेळगावकडच्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतो आणि मग पंढरपूरपर्यंत चालतो.

हैबतबाबा फौजी वातावरणातून आलेले. म्हणून वारीच्या दिवसाला जी शिस्त आहे ती थोडी छावणीसारखी वाटते. पहाटे तुतारी होते. पहिली झाली की उठायचं आणि सामान बांधायचं. दुसरीला दिंडीत आपल्या जागी उभं राहायचं. तिसरीला चालायला लागायचं. घड्याळ नसलेल्या हजारो माणसांना एका वेळी हलवायचं तर याहून सोपा उपाय काय असणार? रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीची जागा ठरलेली. सकाळी कोणते अभंग, दुपारी कोणते, तेही ठरलेलं. विणेकरी मध्ये, टाळकरी रांगेत, पुढे पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया.

पहिल्या दिवशी मला हे सगळं फार भारी वाटलं. फोटो, रील, सगळं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान, पहिली रात्र आळंदीतच, माऊलींच्या आजोळघरी. दुसऱ्या दिवशी पुणे. तिथे दोन रात्री मुक्काम. उजव्या टाचेला फोड आला होता, मी दुर्लक्ष केलं.

मग आला पुणे ते सासवडचा दिवस. तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात दिवेघाट, आणि त्या दिवशी एकादशी. म्हणजे उपास. हडपसरपर्यंत लोक केळी, राजगिऱ्याचे लाडू, खिचडी हातात कोंबत होते. वाटेत एका काकांनी रस्त्याकडेला बसवून माझा बूट काढला, मोजा बघितला आणि फक्त "अरेरे" म्हणाले. मोजा लाल झाला होता.

वडकीला विसावा होता. समोर घाट दिसत होता. रथाला जादा बैलजोड्या लावायची तयारी चालली होती. बैलांनाही मदत लागते, हे तेव्हा मला सुचलं नाही. मी उभा राहायला गेलो आणि बसलो. परत उठलो, परत बसलो. शेवटी एका पाण्याच्या टँकरवाल्या दादांनी विचारलं, "येतो का, माऊली?" आणि मी चढलो.

घाट मी टँकरवर चढलो. खाली वळणावळणावर पांढऱ्या टोप्या, पताका, सत्तरीच्या बाया फुगडी घालत चढतायत, आणि वर मी, सव्वीस वर्षांचा, पाय लोंबकळत सोडून. फोन खिशातून काढलाच नाही.

संध्याकाळी सासवडला समाजआरती झाली. ही बघण्यासारखी गोष्ट आहे. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार हातातला चोप वर करतो. एका क्षणात शांतता. हजारो माणसं गप्प. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली, की त्यांची जागा अडवली, पाणी मिळालं नाही, काहीही, तर ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मगच टाळ थांबतात. नंतर हरवलं-सापडलं पुकारतात. मग उद्याची वेळ. मग आरती.

मला राहून राहून वाटलं, तक्रार करायची रीतही त्या दिवसाच्या शिस्तीत बसवलेली आहे. ज्याचं ऐकलं गेलं नाही त्याने गोंगाट करायचा आणि बाकीच्यांनी थांबायचं.

पण थांबा, सगळ्यांचंच ऐकलं गेलं असंही नाही. चोखोबांची समाधी विठ्ठल मंदिराच्या आत नाही, महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीजवळ. दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावं लागलं. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले होते तेव्हा! इरावती कर्वे वारीत पायी चालल्या, त्यावर त्यांनी 'वाटचाल' लिहिलं. दिवसभर एकत्र चालणाऱ्या, एकत्र गाणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बाया जेवायला वेगवेगळ्या बसत, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना ते लागलं. त्या दोन्हीकडे जेवल्या. वारीवर प्रेम करायचं आणि तिच्यातलं दुखणंही लिहायचं, हे त्यांच्याकडून शिकावं.

त्या रात्री मी सासवडच्या तंबूत पडलो होतो. मोबाईल चार्जिंगच्या रांगेत वीस फोन, माझा एकविसावा. बाजूला दोन मावशी उद्याच्या स्वयंपाकाची भाजी निवडत होत्या. सगळे झोपल्यावर झोपणाऱ्या आणि तुतारीच्या आधी उठणाऱ्या. नारायण महाराज, हैबतबाबा यांची नावं मला पाठ होती. या मावशींच्या जागी दीडशे वर्षांपूर्वी कोण बसलं होतं, त्यांचं नाव कुठेच नाही.

फोन मिळाल्यावर आजीला लावला. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तिने पहिलं विचारलं, "पाय कसे आहेत?" मग सगळं सांगून टाकलं. टँकरसकट.

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "मी दोनदा ट्रकात बसले. एकदा दिवेघाटालाच. एकदा माळशिरसच्या पुढं, ताप होता."

"मग कधी सांगितलं नाहीस ते?"

"कुणी विचारलंच नाही. सगळे विचारतात, किती वेळा चाललीस. आणि ऐक, उद्या मुक्काम तिथंच आहे ना? हळद लाव, पाय वर करून झोप. परवा जेजुरी लांब नाही."

तसंच केलं. सासवडला दोन रात्री मुक्काम असतो, हेही कुणीतरी शहाणपणाने ठरवलेलं. घाटानंतरचा दिवस विश्रांतीचा. तिथेच सोपानकाकांची समाधी आहे, त्यांची पालखी सासवडहूनच निघते. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून घेतलेली साधी चप्पल घालून जेजुरीला चालत गेलो. पालखीवर भंडारा उधळला, मीही पिवळा झालो. मग वाल्हे. मग नीरा नदी, तिथे माऊलींच्या पादुकांना स्नान घातलं. पालखी पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात गेली. माझी रजा संपली होती. मी अलीकडच्या काठावर उभा राहून पताका दिसेनाशा होईपर्यंत बघितलं आणि नीरा स्टेशनावरून पुण्याची गाडी धरली.

घरी आलो तेव्हा आजी अंगणात होती. चपलेकडे बघितलं, पायाकडे बघितलं. "बूट कुठायत?"

"सासवडला एकाला दिले."

"त्याला तरी सांगितलंस ना, टाचेला लागतात म्हणून?"

सांगायचं राहिलं होतं, मंडळी.

पुढच्या भागात भेटू. आणि तुमच्या घरात कुणी वारी केली असेल तर किती वेळा चाललात, हे विचारू नका. कुठे बसलात, ते विचारा.