वेदी, मंदिर आणि संहितेतील विसंगती

बायबलच्या जुन्या करारातील पवित्र वास्तूंविषयीची वचने शेजारीशेजारी ठेवली की त्यांचा मेळ बसत नाही. ‘निर्गम’च्या विसाव्या अध्यायानुसार वेदी मातीची असावी, दगडाची केल्यास त्याला हत्यार लावू नये, तिला पायऱ्या नसाव्यात. उपासनेची अनेक स्थळे तेथे गृहीत आहेत. सत्ताविसाव्या अध्यायातील वेदी मात्र लाकडाची, कांस्याने मढविलेली आणि आतून पोकळ आहे. ‘अनुवाद’चा बारावा अध्याय यज्ञार्पणासाठी एकच स्थान मान्य करतो, तर यहेज्केलाच्या दर्शनातील वेदीला पायऱ्याही आहेत.

प्राचीन यहुदी भाष्यकारांनी पोकळ वेदीत माती भरावयाची असा अर्थ लावून पहिला विरोध मिटविला. हा समन्वय चतुर आहे. परंतु दोन विधाने वेगळी का, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही. १८०५ मध्ये डे वेट्टे यांनी ‘अनुवाद’चा संबंध योशीया राजाच्या, इ.स.पू. ६२२च्या सुमारास झालेल्या, सुधारणेशी जोडला. १८७८ मध्ये वेल्हाउझेन यांनी त्यावरून विधिनियमांचा कालक्रम मांडला: आधी अनेक वेद्या, मग एकस्थानाचा आग्रह, अखेर पुरोहितांची संहिता. येहेज्केल काउफमन यांनी हा क्रम नाकारून पुरोहितसंहिता ‘अनुवाद’पूर्वीची ठरविली. मात्र नियमांना इतिहास आहे, हे त्यांनाही मान्य होते.

दाविदाने मंदिर का बांधले नाही, याची तीन उत्तरे अधिक बोलकी आहेत. ‘२ शमुवेल’मध्ये ईश्वराने आपल्यासाठी घर मागितलेलेच नाही, तंबूत वावरणाऱ्या देवतेची ती भूमिका आहे. ‘१ राजे’मध्ये शलमोन युद्धांचे कारण सांगतो, राजाला सवड नव्हती, एवढेच. मंदिराच्या विध्वंसानंतर व पुनर्बांधणीनंतर रचलेल्या ‘१ इतिहास’मध्ये हेच कारण नैतिक होते: दाविदाने फार रक्त सांडले, म्हणून तो अपात्र. येथे अडचणीचा दोष होतो आणि मंदिराचे पावित्र्य त्याच्या संस्थापक घराण्याच्या पराक्रमाहून वरचढ ठरते.

संपादकांनी यांपैकी एकही उत्तर पुसले नाही. म्हणूनच विसंगती हा संहितेचा दोष नसून तिच्या वाचनाचा इतिहास ठरतो. समन्वयाने एक निर्दोष ग्रंथ हाती लागतो; पण ईश्वराला घर असावे की नाही, यावर शतकानुशतके चाललेला वाद हरवतो.