एरोस्पेस उद्योग, अमेरिकेतील : निधी व कायदेविषयक मागण्या

विमाने, इंजिने, क्षेपणास्त्रे, उपग्रह आणि अग्निबाण बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्या आपल्या संघटनांमार्फत दरवर्षी काँग्रेसपुढे ज्या मागण्या मांडतात त्यांविषयीची ही नोंद. या उद्योगाचे सरकारशी असलेले नाते इतर उद्योगांहून फार वेगळे आहे. लढाऊ विमानांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकार, प्रवासी विमान उडण्यास योग्य आहे की नाही हे ठरवणारे सरकार आणि परदेशात काय विकावे याचा परवाना देणारेही सरकारच. मागण्यांचे दोन मुख्य प्रवाह आहेत : पैसा वेळेवर व खात्रीने मिळावा आणि नियमन सुटसुटीत व्हावे. पहिल्या मागणीत बहुतेक वेळा जनतेचेही हित असते. दुसरी मात्र प्रत्येक वेळी पारखून घ्यावी लागते.

उद्योगाची प्रमुख संघटना एरोस्पेस इंडस्ट्रीज असोसिएशन (एआयए) १९१९ मध्ये ‘एरोनॉटिकल चेंबर ऑफ कॉमर्स’ या नावाने स्थापन झाली. आजचे नाव १९५९ पासूनचे असून मुख्यालय व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे आहे. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या (एफएए) माजी प्रमुख मॅरियन ब्लेकी आणि माजी भूसेना सचिव एरिक फॅनिंग यांनी तिचे नेतृत्व केले आहे. छोट्या विमानांच्या उत्पादकांची, विमान कंपन्यांची आणि खाजगी अवकाश कंपन्यांची संघटना वेगवेगळी आहे आणि त्यांचे सूर नेहमी जुळतातच असे नाही.

पहिली मोठी मागणी नियमनाचीच होती, हे आज मुद्दाम सांगायला हवे. पहिल्या महायुद्धानंतर कोणीही, कसलेही विमान उडवत असे. अपघात वाढले, विमा मिळेना आणि लोक विमानात बसायला धजेनात. तेव्हा संघराज्य सरकारने वैमानिकांना परवाने द्यावेत व विमानांची तपासणी करावी, असा आग्रह उद्योगानेच धरला. १९२५ च्या केली कायद्याने हवाई टपालाची कंत्राटे खाजगी कंपन्यांना खुली केली आणि १९२६ च्या एअर कॉमर्स कायद्याने परवाने व तपासणीची चौकट घातली. पुढे काँग्रेसने हात आखडल्याचीही उदाहरणे आहेत. मार्च १९७१ मध्ये बोइंगच्या स्वनातीत प्रवासी विमानाचा निधी तिने थांबवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉकहीडला २५ कोटी डॉलरची कर्जहमी देणारे विधेयक सेनेटमध्ये ४९ विरुद्ध ४८ अशा एका मताने तरले.

अर्थसंकल्पाच्या चर्चेत रकमांचे आकडे गाजतात, पण उद्योगाची खरी तक्रार दिरंगाईबद्दल असते. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी बारा विनियोजन विधेयके मंजूर व्हायला हवीत. १९९७ च्या आर्थिक वर्षानंतर हे एकदाही वेळेत घडलेले नाही. मग आपल्याकडच्या लेखानुदानाशी साम्य असलेला हंगामी ठराव करून मागच्याच पातळीवर खर्च चालू ठेवला जातो. त्या काळात संरक्षण खात्याला सहसा नवा प्रकल्प सुरू करता येत नाही आणि चालू प्रकल्पातील उत्पादनाचा वेगही वाढवता येत नाही. बड्या कंपन्या हे महिने निभावून नेतात. पण एकच सुटा भाग बनवणाऱ्या छोट्या पुरवठादाराकडचा कुशल कारागीर एकदा दुसरीकडे गेला की परत येत नाही, आणि जुळलेली साखळी तिथे तुटते. हंगामी ठराव टाळा ही मागणी म्हणूनच जवळजवळ दरवर्षी यादीत असते.

२०११ च्या अर्थसंकल्प नियंत्रण कायद्याने याहून कठोर हत्यार आणले. पक्षांत तडजोड झाली नाही तर सरसकट कपात, अशी ती तरतूद होती. एआयएने ‘सेकंड टू नन’ नावाची मोहीम उघडून कपातीने किती रोजगार बुडतील याचे अंदाज प्रसिद्ध केले. तरीही १ मार्च २०१३ रोजी कपात लागू झाली. एप्रिलमध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांना बिनपगारी सुटी द्यावी लागली, विमाने खोळंबली आणि काँग्रेसने काही दिवसांतच खास कायदा करून एफएएला पैसे वळवण्याची मुभा दिली. सरकारी कामकाज बंद पडल्यावरही झळ याच क्षेत्राला लवकर पोचते. २०१८-१९ मधील ३५ दिवसांचे बंद ज्या दिवशी संपले, त्याच दिवशी नियंत्रकांच्या कमतरतेमुळे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी उड्डाणे थोपवण्यात आली होती. २०२५ च्या ४३ दिवसांच्या बंदमध्ये एफएएने ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करण्याचा आदेश दिला.

एफएएचा स्वतःचा अधिकारही ठराविक मुदतीने कायद्याने वाढवावा लागतो. २००७ ते २०१२ या काळात तो २३ वेळा तात्पुरता वाढवला गेला. जुलै २०११ मध्ये मुदतवाढही न मिळाल्याने सुमारे ४,००० कर्मचारी घरी बसले आणि तिकिटांवरील कर गोळा करण्याचा अधिकारच काही काळ संपला. मे २०२४ मध्ये मंजूर झालेला कायदा २०२८ च्या आर्थिक वर्षापर्यंतचा असून त्यात १०५ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद आहे.

करांबाबत उद्योगाचा रोख संशोधनखर्चावर होता. २०१७ च्या कर कायद्यातील तरतुदीमुळे २०२२ पासून हा खर्च त्याच वर्षी न वजा करता देशांतर्गत संशोधनासाठी पाच वर्षांत विभागावा लागे. जुलै २०२५ च्या कायद्याने जुनी सवलत परत आणली. त्याच कायद्यात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या आधुनिकीकरणासाठी १२.५ अब्ज डॉलर ठेवले गेले. अवकाशासाठीच्या निधीचा वाटा मात्र घटला आहे : नासाचा १९६६ मधील वाटा संघराज्याच्या खर्चाच्या चार टक्क्यांहून अधिक होता. आता तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

निर्यातीत दोन प्रश्न मोठे. १९९९ मध्ये व्यापारी उपग्रह शस्त्रास्त्रांच्या यादीत टाकले गेले आणि साध्या सुट्या भागासाठीही परराष्ट्र खात्याचा परवाना लागू लागला. युरोपातील उत्पादकांनी अमेरिकी भाग वगळून उपग्रह बनवले व त्याची जाहिरातही केली. हे वर्गीकरण बदलण्याचा अधिकार अध्यक्षांना परत मिळायला २०१३ उजाडले. दुसरा प्रश्न निर्यात-आयात बँकेचा. परदेशी ग्राहकांना कर्जहमी देणाऱ्या या बँकेचा अधिकार २०१५ मध्ये काही महिने संपला होता. उत्पादकांना ती हवी असते, विमान कंपन्यांना ती खुपते. एअर इंडियाला बोइंग विमानांसाठी दिलेल्या हमीविरुद्ध डेल्टा एअर लाइन्स व इतर २०११ मध्ये न्यायालयात गेले होते. एअर इंडियाच्या या बोइंग खरेदीशी जोडलेल्या वचनातूनच नागपूरच्या मिहानमध्ये विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र उभे राहिले.

कायद्याने उद्योगाला खरोखर नवे आयुष्य दिल्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९९४ चा जनरल एव्हिएशन पुनरुज्जीवन कायदा. त्याने अठरा वर्षांहून जुन्या छोट्या विमानांबाबत उत्पादकावर दावे लावण्यास आळा घातला. वर्षाला सुमारे १८ हजारांवर असलेले छोट्या विमानांचे उत्पादन तेव्हा हजाराच्या आत आले होते. कायद्यानंतर सेस्नाने पिस्टन इंजिनाची विमाने पुन्हा बनवायला घेतली आणि कॅन्ससमधील इंडिपेंडन्स येथे त्यासाठी नवा कारखाना काढला.

सर्वांत गंभीर प्रश्न प्रमाणनाचा आहे. एफएएकडे मनुष्यबळ अपुरे असल्याने तपासणीचे बरेच काम उत्पादक कंपनीच्याच अधिकृत कर्मचाऱ्यांकडे सोपवले जाते. हा वाव वाढवा, ही उद्योगाची जुनी मागणी. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने ती बऱ्याच अंशी मान्य केली. त्याच महिन्यात, २९ तारखेला, लायन एअरचे बोइंग ७३७ मॅक्स जावा समुद्रात कोसळले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे मॅक्स पडले. दोन्ही अपघातांत मिळून ३४६ माणसे गेली. त्या विमानाचे प्रमाणन २०१७ मध्येच झाले होते. म्हणून अपघातांचे खापर नव्या कायद्यावर फोडता येत नाही. पण ज्या व्यवस्थेचा विस्तार मागितला जात होता तीच आतून पोकळ झाली होती, हे काँग्रेसच्या चौकशीत दिसून आले. डिसेंबर २०२० च्या कायद्याने कंपनीतील तपासनिसांवर एफएएची देखरेख वाढवली, त्यांच्यावर दबाव आणण्यास मनाई केली आणि वैमानिकांना इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या नव्या निकषांसाठी दोन वर्षांची मुदत घातली. याच विमानाच्या मॅक्स ७ व मॅक्स १० या प्रकारांचे प्रमाणन त्या मुदतीत झाले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने काही सुरक्षा सुधारणांची अट घालून ही मुदत उठवली. मृतांच्या कुटुंबीयांनी याला विरोध केला होता, आणि त्यांचा विरोध न्याय्य होता. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ चे दाराच्या जागेवरील झाकण उड्डाणात निखळल्यावर एफएएने मॅक्सचे उत्पादन महिन्याला ३८ विमानांपुरते मर्यादित केले. ती मर्यादा ऑक्टोबर २०२५ मध्ये ४२ वर नेण्यात आली.