प्रतिपक्षाचा अभ्यास



पवनारचे नाव घेतले की धाम नदी, वाकाटकांच्या काळची शिल्पे आणि विनोबांचा आश्रम डोळ्यांपुढे येतो. क्रिकेट काही येत नाही. तरीही व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही क्रिकेटचा एक जुना सामना सांगितला. त्याचे कारण याच पंचक्रोशीत आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी या पवनारात युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. त्यानंतर दोन महिने उलटण्याच्या आत मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींचा सल्ला घेण्यासाठी वर्ध्यास आले. देशभर माणसे तुरुंगात जात असता मुंबईत धर्मवार संघांचे पंचरंगी सामने खेळावेत किंवा नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाकडे आम्ही शेवटी येऊ. आधी चौतीस वर्षे मागे गेले पाहिजे. कारण ज्या सामन्याने हिंदू संघाला नाव मिळवून दिले तो १९०६ सालचा आहे, आणि प्रतिपक्षाचा अभ्यास कसा करावा व तो कोठे अपुरा पडतो, हे दोन्ही त्या सामन्यात शिकावयास मिळते.

आम्ही काही इतिहासाचे पंडित नाही. आमचे शिक्षण गिरणीच्या पाळ्या सांभाळून वाचनालयात झाले. परंतु तीस वर्षे कामगारांच्या बाजूने मालकांसमोर बसावे लागले, त्यामुळे समोरच्याचे बळ कशात आहे आणि नड कोठे आहे हे शोधण्याची सवय लागली. आमच्या उमेदीच्या काळात एका गिरणीत बोनसचा तंटा लागला होता. आमच्या पुढाऱ्यांनी ताळेबंदाची पाने उलटून पालटून पाहिली, हाती काही लागेना. शेवटी गाठी वाहणाऱ्या एका हमालाने सांगितले की गोदाम रिकामे पडले आहे, माल साच्यावरून उतरतो तो थेट ट्रकमध्ये जातो आणि ट्रक रात्रभर दारात उभे असतात. म्हणजे मालकाला एक दिवसही गिरणी बंद ठेवणे परवडणारे नव्हते. त्या हमालाला वाचता येत नव्हते. मालकाची नड त्याला पाठीवरच्या ओझ्यावरून कळली होती. पालवणकर बाळूंची हकीकत प्रथम वाचली तेव्हा आम्हांला तो हमाल आठवला.

बाळूंचा जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीच्या आसपास गेले. प्रथम एका पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडावयाची आणि रोलर फिरवावयाचा, याबद्दल महिना ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले; तेथे पगार ४ रुपये. काम तेच: जाळी उभारणे, खेळपट्टी आखणे, टेनिसच्या रेघा मारणे. तेथील एका साहेबाने या पोराला सरावासाठी चेंडू टाकावयास लावले आणि त्याच्या डाव्या हातातली करामत सर्वांच्या नजरेस आली.

त्या क्लबात ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांत तो अव्वल गणला जाई. इतर मंडळी येण्याच्या तासभर आधी तो मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजी करावयास लावी. तो बाद झाला की प्रत्येक वेळी बाळूंना आठ आणे देई, अशी कथा आहे. हिशेब करून पाहा. चार रुपये म्हणजे आठ वेळा आठ आणे. आठवड्यातून दोनदा साहेबाला बाद केले तर पगार दुप्पट! ज्याचे पोट या कामावर आहे तो समोरच्याचा पाय कोठे पडतो, बॅट कोणत्या चेंडूवर चुकते, चिडला की काय करतो, हे किती बारकाईने पाहत असेल याची कल्पना आपण करू शकतो. ग्रेगने सरावासाठी पैसे मोजले. त्या पैशात गोऱ्या फलंदाजीचे सारे पुस्तक बाळूंच्या हाती आले.

याच हकीकतीची दुसरी बाजू बाळू स्वतः सांगत. पूना क्लबात त्यांनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण फलंदाजी करावयास त्यांना एकदाही मिळाली नाही. बॅट साहेबाची, चेंडू टाकण्याची मेहनत चाकराची, अशी ती वाटणी होती. आमच्या मते गोऱ्या संघाच्या दुबळेपणाचे मूळ येथेच होते. त्यांनी मेहनतीचे अंग दुसऱ्यावर सोपविले. जो आपले काम दुसऱ्याकडून करून घेतो त्याचे गुपित त्या दुसऱ्याजवळ जमा होते, आणि हे त्याच्या ध्यानातही येत नाही. गिरणीत आम्ही हे रोज पाहतो.

बाळूंच्या गोलंदाजीचे वर्म खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. डावखुऱ्या मंद गोलंदाजाचा चेंडू पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर जातो. फलंदाज त्याच्या मागे बॅट नेतो आणि झेल देतो. किंवा चेंडूपर्यंत पोहोचण्यासाठी रेषेबाहेर पाऊल टाकतो आणि यष्टिरक्षक त्याला टिपतो. दोन-चार असे चेंडू टाकल्यावर एक चेंडू न वळता सरळ आत येतो, तो दांडी उडवितो. बाळू चेंडू दोन्ही बाजूंनी वळवीत, वेग बदलीत आणि न थकता दिवसभर टाकू शकत, असे त्यांना पाहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे. अशा गोलंदाजापुढे धीर लागतो. फटका मारून वचक बसविण्याची ज्याला सवय, तो फसतो.

प्रतिपक्ष मात्र झोपला होता असे कोणी समजू नये. पुण्याचा हिंदू संघ साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी खेळावयास गेला तेव्हा बाळूंची धार बोथट करण्यासाठी तेथील खेळपट्टीवर जवळजवळ आठवडाभर रोलर फिरविला होता, असे सांगतात. दडपून टणक केलेल्या जमिनीवर चेंडू पकड घेत नाही, वळत नाही. युक्ती शास्त्रशुद्ध होती. पण जो माणूस लहानपणापासून रोलर ओढत आला त्याला दडपलेली जमीन नवी नव्हती. बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुणेकर जिंकले.

आता हिंदू संघाच्या स्वतःच्या दुबळेपणाकडे वळू. तो गोऱ्यांना स्वच्छ दिसत होता. पुण्यातील हिंदू मंडळी चर्मकाराला संघात घ्यावे की नाही याचा खल करीत बसली, तेव्हा बाळूला दूर ठेवणारे हिंदू मूर्खच ठरतील, असे ग्रेगने जाहीरपणे म्हटल्याचे सांगतात. आपल्या घरातली भेग शत्रूने दाखवावी, याहून लाजिरवाणी गोष्ट ती कोणती! शेवटी संघात घेतले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पान वेगळे. ज्याच्या बोटांवर सामना अवलंबून, त्याच्या बोटांचा विटाळ! साताऱ्याच्या विजयानंतर बाळूंचे कौतुक झाले, तेव्हा त्याच्याबरोबर खेळता तर जेवावयास हरकत कोणती, असा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांनी केल्याचे सांगितले जाते. उत्तर द्यावयास समाजाला फार वर्षे लागली.

प्लेगच्या दिवसांनंतर बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांच्या बाँबे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपीय असा सामना ठरला. काळ लक्षात घ्या. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची चळवळ पेटली होती, जपानने रशियाला धूळ चारली होती. ज्या क्लबात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते त्याच्याच मैदानावर हा सामना होत होता.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपीय १९१ मध्ये आटोपले. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. म्हणजे युरोपीयांना जिंकण्यासाठी २१२ हव्या होत्या. ही संख्या अशक्य नव्हती. पहिल्या डावात त्यांनी याच्या जवळपास मजल मारली होती. परंतु शेवटच्या डावात खेळपट्टी झिजलेली असते आणि मंद गोलंदाज तेथे राजा होतो. धीर धरून एकेक धाव जमविणे हाच उपाय उरतो, आणि बाळूंसारख्याच्या माऱ्यापुढे तो गोऱ्यांना साधला नाही. सारा संघ १०२ धावांत बाद झाला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंचे बंधू शिवराम हेही या संघात होते. चर्मकार खेळाडूंना संघात घेतल्याचे फळ म्हणून ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या विजयाचे विशेष स्वागत केले.

येथे कोणी म्हणेल, यात अभ्यास कसला? बाळू गुणी होते, त्यांनी सामना जिंकून दिला, एवढेच. गुण होताच. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला तेव्हा इतर खेळाडू चाचपडत असता बाळूंनी ११४ गडी बाद केले; हे केवळ ओळखीच्या फलंदाजांवर मिळविलेले यश नव्हते. पण गुण पुष्कळांच्या अंगी असतो. त्याला समोरच्याच्या सवयींचे ज्ञान जोडावे लागते, आणि असे ज्ञान वरच्या बाकावर बसून मिळत नाही. ते खाली उभे राहून, रोज पाहून मिळते. म्हणून आम्ही त्याला अभ्यास म्हणतो, जरी त्याची वही कोणी ठेवली नाही.

आता कठीण भाग. इतके करूनही बाळूंना संघाचे कप्तानपद कधी मिळाले नाही. योग्यतेने पाहता ते पद त्यांच्याकडे यावयास हवे होते, तशी मागणीही वारंवार झाली. १९२० च्या चौरंगी सामन्यांत कप्तान पै आजारी पडले. त्यांच्या जागी प्रा. देवधरांची निवड झाली आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. आमच्या भाषेत याला संप म्हणतात. लोकमत त्यांच्या बाजूने झुकले. पै परतल्यावर बाळूंना उपकप्तान नेमण्यात आले आणि अंतिम सामन्यात काही काळ पै मैदानाबाहेर गेल्यामुळे बाळूंनी संघ चालविला. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि अंतिम सामन्यात युरोपीयांना हरवून आले. गोऱ्यांची तटबंदी भेदावयास एक सामना पुरला. घरची भेदावयास सतरा वर्षे आणि एक संप लागला.

हे सांगताना आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळे होऊ इच्छीत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून सवर्ण विणकरांना विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार-पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. आणि आमचे स्वतःचे? ज्या हमालाच्या शब्दावर आम्ही बोनसचा तंटा जिंकला, त्याला आम्ही वाटाघाटीच्या समितीवर घेतले नाही. का घेतले नाही हे कोणी बोलले नाही. सर्वांना ठाऊक होते. करार झाला, बोनस कायम कामगारांना मिळाला. हमाल ठेकेदाराचे, ते वगळले गेले. पुढच्या खेपेस आम्ही काम बंद केले तेव्हा गाठी बाहेर जातच राहिल्या आणि अकराव्या दिवशी आमचा संप मोडला. मालकाचा अभ्यास आम्ही उत्तम केला होता. मालकाने आमचा त्याहून उत्तम केला होता. त्यानंतर तो हमाल आम्हांला बाजारात भेटला. रागावला नाही. “भाऊ, तुम्ही विचारलंच नाही,” इतकेच म्हणाला.

आता १९४० च्या प्रश्नाकडे येऊ. गांधीजींनी वर्ध्यास आलेल्या मंडळींना सामन्यांच्या विरुद्ध सल्ला दिला. अशा काळात करमणूक शोभत नाही हे एक कारण. खेळात धर्मवार संघ असावेतच कशाला, हे त्याहून मोठे दुसरे. हिंदू जिमखान्यात मतदान झाले, थोड्या मताधिक्याने ठराव संमत झाला आणि त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. पुढल्या वर्षी तो परत आला. पंचरंगी सामने कायमचे बंद पडले ते १९४६ साली. इतकी वर्षे ज्यांना प्रतिपक्ष म्हणून अभ्यासले त्यांत मुसलमान होते, पारशी होते. म्हणजे शेजारीच होते. प्रतिपक्ष कोण हेच चुकीचे ठरविले तर अभ्यास कितीही बारकाईचा असो, तो कामाचा नाही.

बाळू १९५५ साली वारले. आपल्यांतील पुष्कळांना कधी ना कधी कोणासमोर तरी उभे राहावे लागते: बाजार समितीत व्यापाऱ्यासमोर, कचेरीत साहेबासमोर, खेळाच्या मैदानात दुसऱ्या गावच्या संघासमोर. समोरच्याचा अभ्यास जरूर करा. तो करताना आपल्यातला सर्वांत कमी पगाराचा माणूस काय पाहतो हे त्याला विचारा; आणि विचारल्यावर, चहा आला की त्याला आपल्या शेजारी बसवा.