मातीची साक्ष

किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी बुरूज उभे राहतात. पण 1066 साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांचे सुरुवातीचे बहुतेक किल्ले माती-लाकडाचे होते. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचे टेकाड रचायचे, माथ्यावर लाकडी मनोरा उभारायचा आणि पायथ्याशी कुंपणाचे आवार ठेवायचे. या टेकाडाला 'मॉट' आणि आवाराला 'बेली' म्हणतात. दगडी कोटाला वर्षे लागत. हा किल्ला झटपट उभा राही. पुढे लाकूड कुजले, जळाले. टेकाडे तेवढी उरली.

यॉर्क शहरात विल्यम राजाने 1068 आणि 1069 मध्ये असे दोन किल्ले बांधले. त्यांतल्या एका टेकाडावर आज क्लिफर्ड्स टॉवर हा दगडी मनोरा आहे. तो तेराव्या शतकातला. त्याआधी तिथे लाकडी मनोरा होता.

मार्च 1190 मध्ये शहरातल्या ज्यूंवर जमाव चालून आला. जमावाच्या म्होरक्यांत ज्यू सावकारांचे कर्जदार उमराव होते. सुमारे दीडशे ज्यू बायकामुलांसह राजाच्या किल्ल्यात आश्रयाला गेले. वेढा पडला. 16 मार्चच्या रात्री अनेकांनी स्वतःच्या हाताने मरण पत्करले, मनोऱ्याला आग लागली. बाप्तिस्मा घेतल्यास जीव वाचेल, या भरवशावर जे बाहेर आले, तेही मारले गेले. मग जमावाने मोठ्या चर्चमध्ये ठेवलेले कर्जरोखे जाळले. धर्माच्या नावाखाली हिशेब कशाचा चुकता झाला, हे वेगळे सांगायला नको.

पर्यटक दगडी मनोऱ्याचे फोटो काढतात. पण त्या रात्रीचा साक्षीदार खालची माती आहे. 1902-03 च्या डागडुजीत टेकाडाच्या पोटात जळके लाकूड सापडले. स्मृतिफलक मात्र 1978 मध्ये लागला.

2016 मध्ये टेकाडाच्या पायथ्यात पर्यटक-केंद्र बांधायला नगरपालिकेने परवानगी दिली. नागरिकांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेले आणि 2018 मध्ये इंग्लिश हेरिटेज या संस्थेने योजना सोडली. 2022 मध्ये मनोरा दुरुस्त होऊन पुन्हा खुला झाला. पायथ्याशी ते केंद्र नाही.

आम्ही इतिहास शिकवणारी माणसे मुलांना वास्तू दाखवतो, तेव्हा बांधणाऱ्याचे नाव आधी सांगतो. तिथे आसरा मागायला कोण आले आणि त्यांचे काय झाले, हेही सांगायला हवे. जतन दगडाचे होतेच. मातीचेही व्हावे, कारण दुबळ्यांची साक्ष बहुधा तिच्यातच उरते.