महर्षी कर्वे यांचे एक अध्यक्षीय भाषण

शालेय समारंभांतील भाषणे बहुधा टाळ्यांबरोबरच विरून जातात. हारतुरे, आभार, पुढच्या वर्षीचे संकल्प, आणि मग चहापान! एखाद्या भाषणातून संस्था जन्माला येणे ही विरळाच गोष्ट.

डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस राष्ट्रीय सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलेले आणि हिंगण्यास विधवांचा आश्रम व महिला विद्यालय वाढविणारे अण्णा फर्डे वक्ते म्हणून ओळखले जात नव्हते. काशीच्या शिवप्रसाद गुप्तांनी पाठविलेली जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्याकडे काही काळ तशीच पडून होती. भाषणाची तयारी करताना ती त्यांनी उघडली आणि विषय गवसला: भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ, आणि शिक्षण मातृभाषेतून.

दाखला युरोपचा नव्हे, आशियातील देशाचा होता. त्यामुळे ‘हे साहेबाचे अनुकरण’ हा आक्षेप आपोआपच बोथट झाला. स्त्रीचे कार्यक्षेत्र पुरुषाहून वेगळे, पण महत्त्वाने उणे नव्हे, अशी त्यांची मांडणी होती. सनातनी श्रोत्यालाही ती झिडकारणे अवघड होते. पदवीचे नावही पुढे ‘गृहीतागमा’ असे ठेवले गेले. अर्थ एवढाच, की जिने विद्या आत्मसात केली आहे ती. पण कानाला ते नाव परके वाटत नाही. शब्दांची ही निवड सहज झाली असेल, असे मानणे कठीण आहे.

१९१६ साली विद्यापीठ सुरू झाले, तेही जेमतेम चार-पाच विद्यार्थिनींवर. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती झाले. मातृभाषेचे माध्यम गांधीजींना पसंत होते. इंग्रजी सक्तीची असावी, हे मात्र नव्हे. अण्णांनी त्या मुद्द्यावर माघार घेतली नाही, आणि गांधीजींनी मतभेद राखूनही वार्षिक दहा रुपये वर्गणी देऊ केली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लाभले.

त्या सौम्य भाषेची किंमत मात्र विद्यार्थिनींना मोजावी लागली. ‘वेगळे’ म्हणजे ‘दुय्यम’ अशी शंका सुशिक्षितांनाच येई, आणि पदव्यांमागे कायद्याचे बळ नव्हते. ते १९५१ मध्ये मिळाले. तोवर कित्येक गृहीतागमा शिकून, संसार करून, शिक्षिका होऊन गेल्या होत्या. त्यांच्यासाठी ते भाषण थोडे अधिक धीट असते तर? कदाचित मग विद्यापीठच निघाले नसते. मराठी माध्यमात मुलाचे नाव घालताना आजही पालक विचारतात, ‘पुढे अडणार तर नाही ना?’ तो प्रश्न त्या विद्यार्थिनींच्या वडिलांनीही विचारला असणार, आणि तरीही त्यांतील काहींनी मुली पाठविल्या.