लहान नळीची बंदूक आणि नेमबाजीचे पहिले धडे

घरातील वडीलधाऱ्याने पुतण्याच्या किंवा भाचीच्या हाती पहिली बंदूक द्यावयाची तर ती कोणती, हा प्रश्न आज कोणालाही स्वाभाविक वाटेल. परंतु ज्या काळी लष्करी बंदुकीच्या धक्क्याने प्रौढ शिपायाचाही खांदा ठणकत असे आणि तिच्या एका बाराचा आवाज चार शेते ओलांडून जात असे, त्या काळी तो विचारण्यास वावच नव्हता. बारा वर्षांच्या मुलाला अशा बंदुकीने नेम शिकवू गेल्यास तो नेमाऐवजी भय शिके, आणि चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटून घेण्याची जी खोड त्याला एकदा जडे, ती पुढे पुष्कळ वर्षे सुटत नसे. मुलांना शिकवण्याजोगी बंदूक निर्माण झाली ती एका छोट्या काडतुसामुळे, आणि त्या काडतुसाचा जन्म रणांगणात न होता दिवाणखान्यात झाला.

पॅरिसमधील लुई-निकोला फ्लोबेर या कारागिराने १८४५ च्या सुमारास टोपीच्या बंदुकीतील साधी तांब्याची टोपी घेतली, तिच्या तोंडाशी शिशाची बारीक गोळी बसवली, आणि दारूचा कणही न घालता केवळ टोपीतील स्फोटक मसाल्याच्या बळावर ती गोळी दालनाच्या दुसऱ्या टोकाच्या फळीपर्यंत पोचवली. धनिकांच्या घरी भोजनोत्तर करमणुकीसाठी असल्या बंदुका ठेवण्याचा शिरस्ता युरोपात पडला. १८५७ साली अमेरिकेतील स्मिथ आणि वेसन यांनी याच कल्पनेत थोडी दारू मिळवून ०.२२ इंच व्यासाचे काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी काढले. आणि १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्टीव्हन्स यांच्या कारखान्याने चाळीस ग्रेनची, म्हणजे आपल्याकडील सुमारे एकवीस गुंजा वजनाची गोळी बसवून त्याला जे रूप दिले, तेच आज ‘पॉइंट टू टू लाँग रायफल’ या नावाने जगभर चालते. हे काडतूस स्वस्त, त्याचा धक्का नाममात्र आणि आवाज बेताचा. त्यामुळे शिकणाऱ्याचे सारे चित्त श्वास, डोळा आणि बोट या तिघांवर स्थिर राहू शकले. नेमबाजीच्या शिक्षणात याहून मोठी क्रांती झाली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत ही बंदूक शेतकऱ्यांच्या घरांत शिरली. स्टीव्हन्स कंपनीने मुलांसाठी हलक्या आणि आखूड बंदुकांची मालिकाच काढली. विंचेस्टर कंपनीनेही जॉन ब्राउनिंग या विख्यात बंदूक-रचनाकाराची एक साधी रचना विकत घेऊन १९०० साली तशीच बंदूक बाजारात आणली, आणि मुलांच्या मासिकांतून या बंदुकांच्या जाहिराती झळकू लागल्या. विंचेस्टरच्या त्या बंदुकीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्यात एका वेळी एकच काडतूस मावे. ते हाताने घालून बोल्ट बंद केला तरी बंदूक उडण्यास सिद्ध होत नसे, तर मागील खुंटी बोटांनी ओढून ती वेगळी चढवावी लागे. म्हणजे प्रत्येक बारापूर्वी मुलाला एक स्वतंत्र आणि जाणीवपूर्वक कृती करावी लागे, आणि तेवढ्या अवकाशात शेजारी उभ्या असलेल्या काकाला किंवा आजोबांना ‘थांब’ म्हणण्यास सवड मिळे. स्वस्ताईसाठी केलेली ही रचना शिक्षणाच्या दृष्टीने किती शहाणपणाची ठरली! दहा गोळ्यांच्या पेटीची बंदूक मिळालेला मुलगा पहिली गोळी चुकल्यास दुसरीवर भरवसा ठेवतो. एकबारी बंदूकवाल्याला चुकीचा विचार करावाच लागतो.

इंग्लंडात हाच विषय कुटुंबातून निघून राष्ट्रीय चिंतेचा झाला. डिसेंबर १८९९ मध्ये बोअर शेतकऱ्यांनी एका आठवड्यात तीन लढायांत ब्रिटिश फौजेला खडे चारले, तेव्हा लहानपणापासून बंदूक हाताळलेल्या शेतकऱ्यापुढे शहरी रंगरुटाचा नेम किती कच्चा आहे हे साऱ्या साम्राज्याला दिसले. त्यांतील कोलेन्सोच्या लढाईत लॉर्ड रॉबर्ट्स यांचा एकुलता मुलगा कामास आला. कानपुरात जन्मलेल्या आणि हिंदुस्थानच्या सरसेनापतिपदावर राहिलेल्या या वृद्ध सेनानीने उत्तरायुष्यात सामान्य नागरिकांच्या नेमबाजीचा कैवार घेतला. १९०१ मध्ये कामकरी वर्गाच्या रायफल मंडळांची संस्था निघाली, १९०३ मध्ये तिचा विस्तार झाला, आणि गिरण्यांच्या आवारांत व शाळांच्या तळघरांत लहान नळीच्या बंदुका वाजू लागल्या.

आपल्याकडे मात्र त्याच काळात नेमके उलटे घडत होते. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली जो हत्यारांचा कायदा झाला, त्याने एतद्देशीयांना परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरवला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. ज्या मराठी मुलखात तोड्याच्या बंदुकीवर किल्ले राखले गेले होते, तेथे बापाने मुलाला नळीच्या टोकाची माशी दाखवून नेम शिकवण्याची परंपरा कलेक्टरच्या दप्तरात बंद झाली. काँग्रेसच्या प्रारंभीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव झाले, ते व्यर्थ गेले. कोडगू प्रांतातील कोडवांना ब्रिटिश अमलात खास मुभा मिळाली होती, म्हणून त्यांच्या कैलपोढ सणात शस्त्रपूजा आणि नारळावर नेम धरण्याचा खेळ आजतागायत चालू आहे. ती परंपरा पाहिली म्हणजे आपण काय गमावले याची कल्पना येते. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकास भोंसला सैनिकी शाळा उघडली, तिच्यामागे हीच खंत होती.

स्वातंत्र्यानंतर ही तुटलेली परंपरा जोडली गेली, पण घरात नव्हे, संस्थेत. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली, आणि महाविद्यालयाच्या मैदानामागील मातीच्या भिंतीसमोर, पंचवीस यार्डांवर, पालथे पडून पाच गोळ्यांचा समूह साधण्याचा धडा हजारो मध्यमवर्गीय मुलामुलींनी गिरवला. त्यांच्या हाती येणारी ली-एनफील्डच्या वळणाची रायफल सुमारे चार किलो वजनाची असे, त्यामुळे किरकोळ बांध्याच्या विद्यार्थ्याला ती जडच जाई. तरीही पॉइंट टू टूचे सौम्य काडतूस त्याला तारून नेई. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघ निघाला, त्याचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. गांधीजींच्या चळवळीत कारावास भोगलेल्या आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेल्या या मराठी गृहस्थाने नेमबाजीत हिंसा पाहिली नाही, शिस्त पाहिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नवोदितांच्या अखिल भारतीय स्पर्धेला आज त्यांचेच नाव आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात तर मान्यताप्राप्त रायफल मंडळाच्या सदस्याला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट टू टूचा अथवा हवाई बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद नाव घेऊन केलेली आहे. आणि नवव्या कलमाने अल्पवयीनांना बंदूक बाळगण्याची मनाई करतानाच, विहित वय झालेल्यांना प्रशिक्षणापुरती ती वापरण्याची वाट मोकळी ठेवली आहे. त्या वाटेने किती जण पुढे गेले! छात्रसेनेतून आलेल्या अंजली भागवत सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटरवर विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. या शेवटच्या दोघांच्या पन्नास मीटरच्या स्पर्धेतील काडतूस तेच, १८८७ चे. आणि लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे.

तेव्हा ज्या वाचकाला आपल्या भाच्याला किंवा नातीला ही विद्या द्यावीशी वाटत असेल, त्याने प्रथम जवळच्या रायफल मंडळाचा रस्ता धरावा आणि हवाई बंदुकीपासून आरंभ करावा. पॉइंट टू टूची पाळी येईल तेव्हा एकबारी रायफल निवडावी. तिचा दस्ता मुलाच्या हाताच्या मापाचा असावा आणि वजन त्याला मान न वाकवता पेलणारे असावे. मोठा झाल्यावर उपयोगी पडेल म्हणून मोठ्या मापाची बंदूक घेणे ही काटकसर नव्हे. आणि सौम्य म्हणून या काडतुसाला खेळणे समजू नये. त्याची गोळी दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते.