कोठार छर्ऱ्यांचे आणि हवेचे

मासिकाला इंग्रजीत ‘मॅगझिन’ म्हणतात आणि बंदुकीत गोळ्या भरून ठेवायच्या डबीलाही ‘मॅगझिन’च म्हणतात. दोन्हींचे मूळ अरबी ‘मखझन’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ कोठार. मराठीतला ‘खजिना’ही त्याच धातूपासून आलेला. १७३१ साली लंडनमध्ये ‘जंटलमन्स मॅगझिन’ नावाचे नियतकालिक निघाले आणि माहितीचे कोठार या अर्थाने हा शब्द मासिकांना चिकटला. बंदुकीत मात्र तो अगदी शब्दशः कोठारच राहिला. इथे आपण या दुसऱ्या कोठाराचा इतिहास पाहणार आहोत, आणि तोही दारूच्या नव्हे, हवेच्या बंदुकीतला. वायूंचे नियम, बाष्पदाब, अप्रकट उष्मा असे वर्गात शिकवले जाणारे बरेच काही या लहानशा डबीत सापडते.

जत्रेत फुगे फोडायची बंदूक विद्यार्थ्यांनी पाहिलेली असते. नळी दुमडायची, तिच्या तोंडात एक छर्रा घालायचा, नळी सरळ करायची. दुमडताना आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवेला आणि हवा छर्ऱ्याला. या बंदुकीत कोठार नाही. प्रत्येक छर्रा नव्याने घालावा लागतो आणि प्रत्येक वेळची ऊर्जा आपल्या दंडातून त्याच क्षणी यावी लागते. लागोपाठ वीस वेळा मारा करायचा असेल तर दोन कोठारे हवीत, एक छर्ऱ्यांचे आणि दुसरे ऊर्जेचे. पहिले करणे तुलनेने सोपे आहे. सगळी कथा दुसऱ्याची आहे.

ही दोन्ही कोठारे एका बंदुकीत बसवून ती सैन्याच्या हाती देण्याचे काम टायरॉल प्रांतातल्या बार्तोलोमेओ जिरार्दोनी या कारागिराने केले. त्याची बंदूक १७८० साली ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाली. नळीच्या बाजूने दुसरी एक लांब नळी होती, तिच्यात सुमारे १२ मिलिमीटर व्यासाच्या वीस-बावीस शिशाच्या गोळ्या एकामागून एक बसत. आजच्या मॅगझिनमध्ये गोळ्यांना ढकलायला स्प्रिंग असते, इथे तसे काही नव्हते. बंदुकीचे तोंड जरा वर करायचे, म्हणजे गोळ्या मागे घरंगळतात. एक आडवा ठोकळा अंगठ्याने सरकवला की एक गोळी त्याच्या खाचेत पडते आणि नळीसमोर येते. त्या काळच्या दारूच्या बंदुकीत प्रत्येक गोळी गजाने ठासावी लागे, त्यासाठी सैनिकाला बहुधा उभे राहावे लागे. जिरार्दोनीची बंदूक पडल्यापडल्या भरता येई. धूर नाही, आवाज कमी आणि पावसात दारू भिजण्याची भीती नाही.

ऊर्जेचे कोठार होते बंदुकीच्या दस्त्यात. किंबहुना दस्ता हेच कोठार होते. लोखंडी पत्र्याचे निमुळते नळकांडे, त्याच्या तोंडाशी झडप, आणि ते बंदुकीला मागून फिरवून बसवायचे. त्यात हातपंपाने हवा भरावी लागे. पंप किती वेळा मारायचा? सुमारे दीड हजार वेळा. सायकलची ट्यूब भरताना ज्यांना धाप लागते त्यांनी कल्पना करावी. दाब पन्नास वातावरणांच्या वर जाई. शिवाय सायकलचा पंप जसा तापतो तशी दाबलेली हवाही तापते. ती निवली की दाब उतरतो आणि आणखी पंप मारावा लागतो. म्हणून सैनिकाजवळ दोन जादा नळकांडी दिलेली असत आणि सैन्यासोबत गाड्यावर बसवलेले मोठे पंपही असत.

एवढ्या कष्टाने भरलेले नळकांडे सुमारे तीस नेमके बार देई. त्यानंतरही बार होत, पण गोळी दुबळी पडे. याचे कारण बॉइलच्या नियमात आहे. झडप उघडली की साठ्यातली थोडी हवा जाते. उरलेली हवा तेवढ्याच जागेत पसरते, दाब उतरतो. समजा, प्रत्येक बाराला साठ्यातली दीड टक्का हवा खर्च होते. मग तीस बारांनंतर ०.९८५ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ६४ टक्के दाब शिल्लक राहील. हे गणित मी सोयीसाठी घेतलेल्या आकड्यावर केले आहे, पण विद्यार्थ्यांना घातांक शिकवायला ते चांगले आहे. पहिल्या आणि तिसाव्या गोळीसाठी नेम वेगवेगळा धरावा लागणार हे त्यातून कळते.

तरीही या बंदुकीचा घात दाबाच्या उतरणीने केला नाही. तो केला वॉशरने. नळकांड्याच्या सांध्यांत चामड्याच्या चकत्या होत्या. चामडे ओले असेतो फुगलेले राहते आणि फट बुजवते, वाळले की आक्रसते आणि हवा निसटते. म्हणजे चकत्या सतत ओलसर ठेवायच्या, झडप स्वच्छ ठेवायची, नळकांडे आपटू द्यायचे नाही. आमच्यासारखे निर्वात उपकरणांवर काम करणारे लोक फार सहानुभूतीने हे वाचतात, कारण आमचेही निम्मे आयुष्य गळती शोधण्यातच जाते. पण आम्ही प्रयोगशाळेत असतो. तुर्कांविरुद्धच्या १७८८ ते १७९१ च्या युद्धात चिखलात उभ्या असलेल्या शिपायाकडून ही निगा कशी व्हायची? नळकांडी बनवणेही अवघड होते, दुरुस्ती जाणणारे कारागीर थोडे होते. अशा बंदुका एकूण दीड हजारांच्या आसपास झाल्या असाव्यात असा अंदाज आहे. १८१५ च्या सुमारास त्या सैन्यातून कायमच्या गेल्या.

निगा नीट झाली तर काय होऊ शकते याचेही उदाहरण त्याच काळात आहे. १८०३ ते १८०६ या वर्षांत मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम अमेरिका खंड ओलांडून पॅसिफिकपर्यंत जाऊन आली. लुईसजवळ एक हवेची बंदूक होती. वाटेत भेटणाऱ्या मूलनिवासी जमातींसमोर तो ती वारंवार चालवून दाखवी. ना धूर, ना पुन्हा ठासणे, आणि गोळ्या मात्र संपतच नाहीत! १८०३ मध्ये ती पाहणाऱ्या टॉमस रॉडनी याने ती एका भरणीत बावीस बार करते असे दैनंदिनीत लिहिले. त्यावरून ती जिरार्दोनीच्या पद्धतीची असावी असे अनेक अभ्यासक मानतात. जून १८०५ मध्ये मिसुरी नदीच्या वरच्या अंगाला, कुठल्याही कारखान्यापासून शेकडो मैल दूर, तिची मुख्य स्प्रिंग तुटली. तुकडीतल्या जॉन शील्ड्स या लोहारकाम जाणणाऱ्या शिपायाने ती बदलून दिली. एका बंदुकीमागे असा एक शील्ड्स होता. ऑस्ट्रियाच्या सैन्याला ते प्रमाण परवडणारे नव्हते.

दाबाच्या उतरणीवर तोड निघाली ती रसायनशास्त्रातून. १८२३ मध्ये मायकेल फॅरेडेने क्लोरीन, कार्बन डायऑक्साइड वगैरे वायू दाबाखाली द्रवरूप करून दाखवले. बंद भांड्यात द्रव आणि त्याची वाफ एकत्र असली की आतला दाब द्रव किती आहे यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. पारदर्शक लायटर वर्गात दाखवावा. (पेटवण्याची गरज नाही.) आतला ब्यूटेन भरलेला असो की तळाशी गेलेला, वायू बाहेर येण्याचा जोर तोच राहतो, कारण वाफ गेली की द्रवातून नवी वाफ तयार होते. म्हणजे साठ्यातून कितीही खर्च केला तरी शेवटच्या थेंबापर्यंत दाब कायम! पॉल जिफार नावाच्या फ्रेंच संशोधकाने १८८९ च्या सुमारास या तत्त्वावर द्रवरूप कार्बन डायऑक्साइडची बंदूक केली. २० अंश सेल्सिअसला या वायूचा बाष्पदाब ५७ वातावरणांच्या आसपास असतो, जिरार्दोनीच्या नळकांड्याएवढाच, पण पंपाशिवाय. अडचण एवढीच की नळकांडे घरी भरता येत नसे.

या तत्त्वाचा खरा प्रसार पुढे शंभर वर्षांनी झाला आणि तो युद्धासाठी नव्हे, खेळासाठी. जपानमध्ये १९५८ च्या कायद्याने सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य केले. त्यामुळे तिथे हुबेहूब नकली बंदुकांचा छंद वाढला. धातूच्या नकली पिस्तुलांचा गैरवापर होतो असे दिसल्यावर १९७१ मध्ये नळी बुजवण्याची आणि ती पांढरी किंवा पिवळी रंगवण्याची सक्ती झाली, १९७७ मध्ये नियम आणखी कडक झाले. छंद मग प्लॅस्टिककडे वळला. ६ मिलिमीटरचे हलके प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या या बंदुकांना एअरसॉफ्ट म्हणतात. २००६ मध्ये जपानने त्यांच्या छर्ऱ्याच्या ऊर्जेवर ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली. ०.२ ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी ही ऊर्जा म्हणजे सेकंदाला ९९ मीटर वेग. खेळणे म्हटले तरी डोळा जायला एवढे पुरते, म्हणून संरक्षक चष्म्याशिवाय हा खेळ खेळत नाहीत.

यातल्या वायूच्या बंदुकीत जिरार्दोनीची दोन्ही कोठारे एकाच डबीत आली. मॅगझिनच्या एका भागात छर्रे आणि त्यांना वर ढकलणारी स्प्रिंग, उरलेल्या पोकळीत द्रवरूप वायू. १९८० च्या दशकात हा वायू होता फ्रेऑन-१२, जुन्या फ्रीजमधला. २० अंशांना त्याचा दाब ५.७ वातावरणे, म्हणजे प्लॅस्टिकच्या छर्ऱ्याला पुरेसा आणि पातळ भिंतीच्या डबीलाही झेपणारा. तो पेटत नाही, विषारी नाही. मात्र फ्रीजमधला वायू निदान बंद नळ्यांत फिरतो, बंदुकीतला प्रत्येक बाराला थेट हवेत जातो. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्येच हे वायू ओझोनचा थर खातात असे मांडले होते. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरची ओझोनची घट उजेडात आली, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि १९९५ च्या अखेरीपर्यंत विकसित देशांनी या वायूंचे उत्पादन मोजके अपवाद वगळता थांबवले. बदली म्हणून आला एचएफसी-१३४ए. त्यात क्लोरीन नाही आणि २० अंशांना त्याचा दाबही ५.७. असा जुळणारा वायू रसायनशास्त्रज्ञांनी फ्रीजसाठी मुद्दाम निवडला होता, छंदवाल्यांना तो आयताच मिळाला.

आता मघाशी ‘दाब कायम’ म्हटले त्यात एक मेख आहे. दाब तापमानावर ठरतो, आणि द्रवाची वाफ होताना तो अप्रकट उष्मा घेतो. तो येतो कुठून? मॅगझिनच्या धातूतून. १३४ए चा एक ग्रॅम उडायला सुमारे १८० ज्यूल लागतात. जस्ताच्या मिश्रधातूचे ४०० ग्रॅमचे मॅगझिन घेतले तर ते एक अंश निवायला सुमारे १५६ ज्यूल द्यावे लागतात. म्हणजे प्रत्येक ग्रॅमामागे मॅगझिन एका अंशाहून थोडे जास्त गार होते. भराभर दहा ग्रॅम खर्च केले तर तापमान २० वरून ८-९ अंशांवर येईल आणि दाब ५.७ वरून चारवर. मॅगझिन जड का करतात याचे एक उत्तर इथे मिळते. ते उष्णतेचे तिसरे कोठार आहे! म्हणूनच खेळणारे एकच मॅगझिन सलग रिकामे न करता दोन-तीन आलटून पालटून वापरतात आणि थंडीत ती खिशात ठेवतात. शेगडीवर किंवा उकळत्या पाण्यात गरम करण्याचा मोह मात्र धोक्याचा आहे. ५० अंशांना हाच दाब १३ वातावरणांवर जातो.

गळतीचा प्रश्न सुटला तो रबराच्या गोल कडीने, ओ-रिंगने. तिचे अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेन्सन यांना १९३९ मध्ये मिळाले. आतला दाब कडीला खाचेच्या भिंतीशी आणखी घट्ट रेटतो, हे तिचे वैशिष्ट्य. पण रबर गारठले की त्याची लवचीकता जाते. १९८६ मधल्या चॅलेंजर यानाच्या अपघातात तेच घडले होते. मॅगझिनच्या कड्यांना सिलिकॉन तेलाचा थेंब देतात, खनिज तेल देत नाहीत, कारण त्याने काही प्रकारचे रबर फुगते. मॅगझिन बाजूला ठेवताना त्यात थोडा वायू राहू देतात, म्हणजे झडप आपल्या जागी दाबलेली राहते आणि धूळ शिरत नाही. चामड्याची चकती ओली ठेवण्याचाच हा वंशज उपचार.

१९९१ मध्ये टोकियो मारुई या कंपनीने विजेवर चालणारी एअरसॉफ्ट रायफल बाजारात आणली. तिच्यात ऊर्जा बॅटरीत गेली आणि मॅगझिन पुन्हा नुसते छर्ऱ्यांचे कोठार झाले. अशा मॅगझिनची निवड सोपी आहे. साध्या स्प्रिंगच्यात काही डझन ते शंभरेक छर्रे मावतात, चावीच्यात तीनशे किंवा अधिक. पण चावीच्यात ते सुटे असल्याने चालताना खुळखुळतात आणि चावी सारखी फिरवावी लागते. भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते असे अनेकजण मानतात. चांगल्या पोलादाची स्प्रिंग हूकच्या नियमाच्या मर्यादेत दाबलेली असेल तर नुसत्या दाबून राहण्याने फारशी बिघडत नाही, असे माझे मत. जमिनीवर पडलेले धुळकट छर्रे पुन्हा भरणे हे नुकसानीचे मोठे कारण आहे.

वायूच्या मॅगझिनचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. १३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमानवाढ करतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंवरही उतरती मर्यादा आणली, भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. एचएफओ-१२३४झेडई हा त्याच्या जागी येऊ लागलेल्या वायूंपैकी एक. तो हवेत थोड्याच दिवसांत विघटित होतो. २० अंशांना त्याचा बाष्पदाब सुमारे ४.३ वातावरणे आहे, १० अंशांना तीनच्या थोडा वर आणि शून्य अंशाला दोनच्या जरा वर. १३४ए शून्य अंशालाही जवळजवळ तीन वातावरणे देत असे.